माशीला फसवणारी चप्पल

फुलाचा आणि मधमाशीचा सौदा तुम्हांला तोंडपाठ असेल. फूल मध देतं आणि माशी त्याचे परागकण दुसऱ्या फुलापर्यंत पोचवते. ‘तू मला खाऊ दे, मी तुझं पत्र पेटीत टाकते,’ असा सरळ व्यवहार! मी वर्गात दरवर्षी तो शिकवते आणि मुलंही दरवर्षी तो घडाघडा म्हणून दाखवतात. पण हिमालयात एक फूल असं आहे, की ते खाऊ म्हणून काहीच देत नाही आणि पत्र मात्र फुकटात टाकून घेतं. शिवाय पत्र नेणाऱ्याला आधी कोंडून ठेवतं!

या फुलाचा आकार चपलेसारखा असतो. आपली अंगठ्याची चप्पल नव्हे हं. पुढून बंद, टोकाला फुगलेली आणि पाय घालायला वरून भोक असलेली सपाता असते ना, तशी. म्हणून इंग्रजी बोलणारे लोक त्याला लेडीज स्लिपर म्हणतात. 1753 साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने या फुलांना सिप्रिपेडियम असं नाव दिलं. सायप्रस बेटाशी नातं सांगणारी ग्रीकांची सौंदर्यदेवता आहे, तिची ही पादत्राणं, असा त्या नावाचा अर्थ. आमच्या घरात मात्र त्याचं नाव ‘सपाता’च पडलं.

सपाता ही ऑर्किडच्या, म्हणजे आमरीच्या कुळातली. आपल्या सह्याद्रीत झाडांवर लोंबणारी सीतेची वेणी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. तिच्या आणि हिच्या घराण्याचं मूळ एकच. पण महाराष्ट्राच्या रानात सपाता उगवत नाही. तिला भेटायचं तर लांब जावं लागतं.

आम्ही गेलो फुलांच्या दरीत. उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात ही दरी आहे. 1931 साली फ्रँक स्माइद हा गिर्यारोहक आणि त्याचे सोबती कामेत शिखर चढून परत येताना या दरीत उतरले आणि फुलं बघून थक्कच झाले. स्माइद 1937 मध्ये पुन्हा इथे आला, राहिला आणि पुढच्या वर्षी त्याने या दरीवर पुस्तक लिहिलं. तेव्हापासून जगाला ती ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ म्हणून ठाऊक झाली. 1982 साली ती राष्ट्रीय उद्यान झाली आणि 2005 साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. 

सगळे म्हणतात, दरीत जायचं ते जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा म्हणे पाय ठेवायला जागा नसते इतकी फुलं! खरं असेल. पण ऑगस्टमध्ये प्राथमिक शिक्षिकेला रजा कोण देणार? आमच्या विदर्भातल्या शाळा मात्र उन्हामुळे जूनच्या शेवटीशेवटी उघडतात आणि दरी 1 जूनला उघडते. तेवढी फट आम्ही पकडली. ती फट सोयीची निघाली, कारण सपाता फुलते ती जूनमध्येच! ऑगस्टमध्ये येणाऱ्या गर्दीला ती बहुधा भेटतच नाही. तोवर तेरड्याची आणि दुसरी उंच झाडं माणसाच्या कमरेपर्यंत वाढलेली असतात.

नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून हरिद्वार आणि तिथून अलकनंदेच्या काठाकाठाने जोशीमठ. (2024 पासून या गावाचं सरकारी नाव ज्योतिर्मठ आहे.) पुढे गोविंदघाट. तिथून पुलना गावापर्यंत जीप जाते आणि मग नऊ-दहा किलोमीटरची चढण. माझी सहावीतली लेक पुढे आणि मी दर वळणावर दम खात मागे. संध्याकाळी घांगरियाला पोचलो. उंची सुमारे दहा हजार फूट. दरीत मुक्काम करायला परवानगी नाही, म्हणून सगळे घांगरियात राहतात, सकाळी आत जातात आणि दिवस मावळायच्या आत परततात.

दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर भ्यूंडार गावचा एक तरुण वाटाड्या होता. तो मला ‘दीदी’ म्हणे आणि माझी लेक त्याला ‘भैया’. पुष्पावती नदीचा पूल ओलांडला की उभी चढण लागते. आजूबाजूला भूर्जाची झाडं. हो, तीच ती भूर्जपत्रं, ज्यांच्यावर पूर्वी पोथ्या लिहीत! सालीचे पापुद्रे कागदासारखे सुटून वाऱ्यावर हलत होते. ओढ्यांवर अजून बर्फ साचलेला होता. तो ओलांडताना वाटाड्याने काठीने आधी ठोकून बघितला आणि मगच आम्हांला पाय ठेवू दिला.

पलीकडे झाडांच्या सावलीत तो थांबला. “दीदी, जूता देखिए!” 

एका ठिकाणी सात-आठ झाडं उभी होती. झाडं कसली, वीतभर-दीड वीत उंचीची रोपं! पानं रुंद आणि उभ्या चुण्या पडलेली, जणू कुणी घडी घालून ठेवलेली. प्रत्येक देठाला एकच फूल. बाजूच्या पाकळ्या हिरवट पिवळ्या, लांब, थोड्या पिळलेल्या. आणि मध्ये पांढरीशुभ्र फुगीर पिशवी. हीच सपाता. एक पाकळी वरून छत्रीसारखी झुकलेली. पावसाचं पाणी पिशवीत भरू नये म्हणून बसवल्यासारखी! या जातीचं नाव सिप्रिपेडियम कॉर्डिजेरम. दरीत जांभळट रंगाची आणखी एक जात आहे, सिप्रिपेडियम हिमालयिकम. ती आम्हांला दिसली नाही.

आम्ही दोघी फुलासमोर पालथ्या पडून बसलो. लेकीच्या हातात भिंग. अर्धा तास काहीच घडलं नाही. मग एक बारीकशी माशी आली, पिशवीच्या तोंडाशी घुटमळली आणि आत उतरली. आम्ही श्वास रोखला. थोड्या वेळाने ती मागच्या बाजूने बाहेर आली आणि उडून गेली. अंगाला काहीसुद्धा चिकटलेलं नव्हतं!

“आई, हिला कुठे कोंडलं फुलाने?” लेक हिरमुसून म्हणाली.

हिला नाहीच कोंडलं, कारण ही माशी फार छोटी होती. फुलाची सगळी करामत मापावर चालते. ती कशी, ते आता बघू.

ओढ्यात मासे धरायला बांबूच्या कामट्यांची टोपली लावतात, ती आठवा. तोंडाशी कामट्या आत वळवलेल्या असतात. मासा आत शिरतो सहज, पण उलट फिरला की कामट्या आडव्या येतात. सपातेच्या तोंडाची कडाही अशीच आत वळलेली असते. रंगाला आणि वासाला भुलून माशी कडेवर बसते आणि पाय घसरून आत पडते. आतल्या भिंती गुळगुळीत. वर चढायला गेली की पुन्हा धप्प! पंख पसरून उडायला आत जागा नाही. आणि खायला? मधाचा थेंबसुद्धा नाही.

पण पिशवीच्या मागच्या भिंतीवर केसांची एक पट्टी असते. माशीच्या पायांना पकड मिळते ती फक्त तिथेच. एखाद्या शिडीसारखी ती पट्टी वर जाते आणि वर दोन लहान दारं असतात, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. त्या दारांतून उजेड आत येतो. अंधारात अडकलेला किडा उजेडाकडे जाणारच! मधल्या मोठ्या वाटेवर फुलाने एक ढाल बसवलेली असते. तो खरं तर एक पुंकेसर, पण त्याचं काम परागकण बनवायचं नाही, नुसता रस्ता अडवायचं. म्हणजे मागच्या दाराने जाण्याशिवाय माशीला पर्यायच नाही.

आता नीट लक्ष द्या. शिडी चढताना माशीला आधी कुक्षीच्या खालून सरपटत जावं लागतं. कुक्षी म्हणजे फुलाचा परागकण स्वीकारणारा भाग. त्यानंतर येतं दार. दार इतकं अरुंद, की अंग घासल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. आणि नेमका तिथेच परागकोश टपून बसलेला! चिकट खळीसारखे परागकण माशीच्या पाठीला फासले जातात आणि मगच तिची सुटका होते.

आधी कुक्षी, मग परागकोश. हा क्रम उलटा असता तर माशीने त्याच फुलाचे परागकण त्याच फुलाला लावले असते. फुलाला ते नको असतं. त्याला परागकण हवे असतात ते दुसऱ्या फुलाचे. 

मापाची गंमत आता कळली? माशी फार छोटी असेल तर आमच्या माशीसारखी कशालाही न लागता सटकते. फार मोठी असेल तर दारातून मावत नाही. कधीकधी बिचारी आतच मरून जाते. 

ही गोष्ट कळायला मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. चार्ल्स डार्विनने 1862 साली ऑर्किडवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याचा तर्क असा होता, की कीटक बाहेर बसून लहान दारातून सोंड आत घालत असावा. अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी सुचवलं, की कीटक वरच्या भोकातून आत शिरून लहान दाराने बाहेर येत असेल. मग डार्विनने काय केलं? वाद घातला नाही. फूल घेतलं आणि प्रयोग केला. आधी त्याने पिवळ्या सपातेत घरातल्यासारख्या माश्या सोडल्या, पण त्यांना काही धड बाहेर पडता येईना. मग त्याने मातीत बीळ करून एकटी राहणारी एक लहानशी मधमाशी पकडून आत टाकली. ती आल्या वाटेने वर चढायची आणि पाठीवर पडायची. डार्विनला लंडनच्या स्वयंपाकघरातले झुरळं पकडायचे सापळे आठवले! शेवटी माशी रेटारेटी करून लहान दारातून बाहेर आली. अंगाला परागकण फासलेले! त्याने तीच माशी दुसऱ्या फुलात टाकली. पुन्हा तेच. असं त्याने पाच वेळा केलं आणि पाचही वेळा माशी त्याच दारांतून, परागकण माखून बाहेर आली. फूल कापून कुक्षी पाहिली, तर तिथेही परागकण लागलेले. 1877 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने हे सगळं लिहिलं.

जर्मनीत हेर्मान म्युलर यांनी युरोपातल्या पिवळ्या सपातेवर पाळत ठेवली, तेव्हा त्यांना रानातही त्याच गोत्रातल्या मातीत राहणाऱ्या मधमाश्या हे काम करताना दिसल्या. हे म्युलर शाळेत शिक्षक होते बरं का! हे मी वर्गात जरा जास्तच मोठ्याने सांगते.

सपातेच्या सगळ्याच जाती मधमाश्यांना फसवतात असं नाही. बोर्निओ बेटावर किनाबालू नावाचा पर्वत आहे. तिथली एक सपाता सिरफिड माशीला फसवते. शेतकऱ्यांच्या मुलांना ही माशी ओळखीची असेल. पिवळे-काळे पट्टे, आणि हेलिकॉप्टरसारखी एका जागी तरंगणारी! कपाशीवर मावा पडला, की ती तिथे अंडी घालते, कारण तिच्या अळ्या मावा खातात. किनाबालूच्या फुलावरचे ठिपके आणि केस तिला माव्यासारखे वाटतात. ती फुलाच्या ढालीवर अंडी घालायला जाते आणि घसरून पिशवीत पडते. पुढची वाट तुम्हांला माहीतच आहे. अळ्या मात्र अंड्यातून बाहेर आल्या तर उपाशी! कारण मावा तिथे नसतोच. मला विचाराल तर ही फसवणूक जास्तच निष्ठुर आहे.

आता दुसरा प्रश्न. माझ्या वर्गातली एक मुलगी हटकून तो विचारेल, म्हणून मीच विचारते. पहिल्या फुलात फसलेली माशी परागकण घेऊन निघाली. ते दुसऱ्या फुलाला पोचायचे, तर त्या माशीने पुन्हा एकदा फसायला हवं! एकदा दुधाने तोंड पोळलेली माशी दुसऱ्यांदा ताक तरी कशाला पिईल? 

अगदी बरोबर. पुष्कळ माश्या शहाण्या होतात आणि पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. म्हणूनच सपातेची बहुतेक फुलं फळ न धरताच सुकून जातात. थंडी संपल्यावर नुकत्याच बाहेर पडलेल्या, अजून फुलांची पारख नसलेल्या माश्यांवर तिचा सगळा भरवसा. फसवणाऱ्याचं दुकान तसं तोट्यातच चालतं म्हणा ना!

एखादं फळ धरलंच, तर त्यात हजारो बिया असतात, पण धुळीसारख्या बारीक. हरभऱ्याच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी असते, तशी या बियांत नसते. मातीतली एक विशिष्ट बुरशी भेटली तरच बी रुजतं, कारण सुरुवातीला त्याला ती बुरशीच भरवते. आणि रुजल्यावर पहिलं फूल यायला कितीतरी वर्षं जातात.

हे सगळं मी भूर्जाच्या सावलीत लेकीला सांगत होते, तेवढ्यात आमच्याच गाडीतून आलेले एक काका मागून येऊन पोचले. फूल बघून ते इतके खूश झाले, की त्यांनी काठीचं टोक मातीत रोवलं सुद्धा. गच्चीवर त्यांची मोठी बाग आहे. एक रोप ओल्या रुमालात गुंडाळून नेऊ, असा त्यांचा बेत.

वाटाड्याने पुढे होऊन काठीवर हात ठेवला. “अंकलजी, ये गमले में नहीं जिएगा. और यहाँ से कुछ ले जाना मना है.” आवाज शांत होता, पण हात काही त्याने काढला नाही.

“एकाने काय होतंय?” काका माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले. “इथे सात-आठ आहेत की!”

मग मी काकांना इंग्लंडची गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका. इंग्लंडच्या उत्तरेला पूर्वी पिवळी सपाता रानात उगवायची. लोकांनी फुलं तोडली, बागांसाठी रोपं उपटली, बाजारात विकली. प्रत्येकाने एकेकच नेलं असेल. 1917 साली जाहीर झालं, की ही वनस्पती इंग्लंडातून नाहीशी झाली. मग 1930 साली यॉर्कशायरमध्ये एक रोप सापडलं. अख्ख्या देशात एकच! त्याची जागा गुप्त ठेवली. 1970 पासून फुलायच्या दिवसांत त्याच्यावर माणसं पहारा करू लागली. तुम्ही म्हणाल, रोप वाचलं ना, मग झालं! पण एकट्या रोपाने काय करायचं? दुसरं फूलच नाही, तर माशी परागकण आणणार कुठून? तेव्हा माणसांनीच माशीचं काम केलं आणि हाताने परागकण लावून बी मिळवलं. क्यू इथल्या प्रसिद्ध वनस्पती उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत, बुरशीऐवजी काचेच्या बाटलीतलं अन्न भरवून रुजवलं. 1989 पासून ती रोपं पुन्हा रानात लावायला सुरुवात झाली. त्यातल्या पहिल्या रोपाला फूल आलं 2000 साली. अकरा वर्षांनी!

काका काही बोलले नाहीत. त्यांनी काठी काढून घेतली आणि बुटाच्या टोकाने मातीतलं भोक बुजवलं. मग खिशातून कॅमेरा काढून फोटो मात्र चांगले वीस-पंचवीस घेतले.

पुढे दरी उघडली आणि आम्ही पाहतच राहिलो. दोन्हीकडे हिमशिखरं, मध्ये हिरवळ आणि बर्फ वितळलेल्या ओल्या जागांवर लहानलहान जांभळी-पिवळी फुलं. आत जोन मार्गारेट लेग यांची समाधी आहे. क्यू उद्यानासाठी वनस्पती गोळा करायला आलेल्या या बाई 1939 साली इथल्या उतारावरून घसरून गेल्या. समाधीपाशी आम्ही पोळी-चटणी खाल्ली आणि कागद परत पिशवीत भरला.

आपल्या देशात सपातेच्या आणखीही जाती आहेत. मेघालय, अरुणाचल, मणिपूर, मिझोराम या भागांत त्यांच्या एका वेगळ्या गोत्रातल्या जाती आढळतात. आणि एक तर थेट आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरच्या अगस्त्यमलैच्या डोंगरात आहे! पॅफिओपेडिलम ड्रुरिई हे तिचं नाव. पिवळी, मध्ये तपकिरी रेघ असलेली. जगात ती फक्त तिथेच उगवते, आणि तीही आता फार थोडी उरली आहे. चोरून रोपं नेणाऱ्यांनी तिथेही हात मारलाच.

परतीच्या वाटेवर काका सगळ्यांच्या पुढे होते. भूर्जाच्या रानात ते वाटेच्या दोन्ही बाजूंना वाकून वाकून बघत होते. पुलाजवळ आम्ही त्यांना गाठलं, तेव्हा त्यांनी माझ्या लेकीला सांगितलं, “तेवीस! वाटेवरून दिसतात तेवढीच मोजली मी.”

“काका, त्यातल्या किती फुलांना फळं धरतील?” तिने विचारलं.

काकांनी वाटाड्याकडे बघितलं. तो हसला आणि म्हणाला, “सितंबर में आकर गिन लीजिए, अंकलजी. दो-तीन मिल जाएँ तो बहुत है.”